मुंबईचा मे महिना भिलाईपेक्षा सौम्य का असतो?

भिलाई : मुंबई–हावडा लोहमार्गावरून नागपूर, गोंदिया, डोंगरगड, दुर्ग असा प्रवास करत मे महिन्यात भिलाईला उतरणाऱ्या मुंबईकराला पहिला धक्का बसतो तो कोरड्या, चटका देणाऱ्या वाऱ्याचा. छत्तीसगडमधील हे पोलादनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे आणि अक्षांशाने मुंबईच्या केवळ दोन अंश उत्तरेला. उंचीचाच विचार केला तर भिलाईची हवा मुंबईहून थोडी थंड असायला हवी. प्रत्यक्षात चित्र नेमके उलटे दिसते.

भिलाईलगतच्या रायपूर येथे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान सुमारे ४२ अंश सेल्सिअस असते. मुंबईत ते ३३ ते ३४ अंशांच्या आसपास राहते. रात्रीचे सरासरी किमान तापमान मात्र दोन्हीकडे २७ ते २८ अंश, म्हणजे जवळपास सारखेच. हिवाळ्यात क्रम बदलतो. जानेवारीत रायपूरची पहाट सुमारे १३ अंशांपर्यंत उतरते, तर मुंबईची १७ अंशांच्या आसपास थांबते.

या फरकाचे मूळ समुद्रात आहे. तेवढ्याच वस्तुमानाच्या कोरड्या मातीच्या तुलनेत पाण्याला तापण्यासाठी कित्येक पट अधिक उष्णता लागते. शिवाय लाटांमुळे ती उष्णता खोलवर मिसळते आणि काही उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. त्यामुळे समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दुपारी जमीन तापली की तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील तुलनेने थंड हवा किनाऱ्याकडे धावते. हेच खारे वारे मुंबईचा पारा रोखून धरतात. भिलाई सर्वांत जवळच्या किनाऱ्यापासूनही ४०० किलोमीटरहून अधिक दूर असल्याने तेथे ही झुळूक पोहोचत नाही. मोसमी पाऊस येईपर्यंत जमीन दिवसेंदिवस तापत राहते. मेच्या अखेरीस सुरू होणारा ‘नौतपा’ हा नऊ दिवसांचा काळ मध्य भारतात कडक उन्हासाठी ओळखला जातो.

खाऱ्या वाऱ्यांचे महत्त्व ते उशिरा आले की अधिक जाणवते. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे उष्ण वारे जोराने वाहू लागले, तर समुद्रावरील वारे दुपारपर्यंत अडून राहतात आणि मुंबईचा पारा झपाट्याने चढतो. सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश, तर २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमानाची नोंद झाली होती. दोन्ही उच्चांक मे महिन्यातील नाहीत, ही बाब बोलकी आहे.

तथापि, पारा कमी म्हणजे हवा सुखद, असे समीकरण मांडणे घातक ठरू शकते. शरीर घामाच्या बाष्पीभवनातून थंड होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या उष्मा निर्देशांकानुसार, ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना शरीराला सुमारे ४१ अंशांइतका उष्मा जाणवतो. भिलाईत पाण्याचा कूलर खोली चांगली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर फारसा उपयोगी पडत नाही, याचेही कारण हेच.

म्हणूनच भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचे निकष प्रदेशानुसार वेगळे ठेवले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असल्यास उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची वाढ पुरेशी मानली जाते. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने डझनाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. भिलाईत एप्रिलच्या मध्यात या आकड्याचे कोणाला नवल वाटले नसते.

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना बाहेरच्या उन्हासोबत वितळलेल्या लोखंडाची धगही सोसावी लागते. छत्तीसगडच्या श्रमिकांचे उन्हाळ्यातील परंपरागत अन्न म्हणजे ‘बोरे बासी’, अर्थात पाण्यात भिजवून ठेवलेला भात. कोकणात हीच गरज पेज आणि कोकम सरबत भागवतात.

दोन्ही प्रदेशांत सावधगिरीचे मूळ सूत्र एकच आहे : तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे, दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हातील कष्टाची कामे टाळणे आणि चक्कर, मळमळ किंवा बरळणे अशी लक्षणे दिसताच रुग्णाला सावलीत हलवून अंग ओले करत वैद्यकीय मदत मिळवणे. भिलाईकराला धोक्याची सूचना तापमापकच देतो. किनाऱ्यावरील नागरिकाने तापमानाच्या जोडीला आर्द्रतेचा आकडाही पाहणे आवश्यक आहे.