ट्रान्सजेंडर स्त्रियांचे हार्मोन उपचार आणि वजनातील बदल

हार्मोन उपचार सुरू केल्यानंतर ट्रान्सजेंडर (पारलिंगी) स्त्रियांच्या वजनात आणि शरीराच्या ठेवणीत बदल होतात. काही बदल अपेक्षित असतात, काही टाळता येतात, तर थोडे धोक्याची सूचना देणारे असतात. वजन वाढले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे किंवा बदल लवकर दिसावेत म्हणून डोस दुप्पट करणे, या दोन्ही चुका नेहमी आढळतात आणि दोन्हींमुळे नुकसान होते. वाशीमसारख्या जिल्ह्यात राहून, दर वेळी मोठ्या शहरात न जाता वजन कसे सांभाळावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- पहिल्या वर्षात एक-दोन किलो वजन वाढणे सामान्य आहे.
- वजनकाट्याइतकेच महत्त्व कंबरेच्या मापाला द्या.
- स्नायू टिकवण्यासाठी प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम आवश्यक आहेत.
- वजनासाठी हार्मोनचा डोस स्वतःहून बदलू नका.
- एका पायाला सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही तातडीची लक्षणे आहेत.

शरीरात नेमके काय बदलते?

या उपचारात साधारणपणे दोन प्रकारची औषधे असतात. पहिले इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्राडिऑलच्या गोळ्या, जेल किंवा त्वचेवर लावायच्या पट्ट्या. दुसरे टेस्टोस्टेरॉनचा परिणाम कमी करणारे औषध, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन.

टेस्टोस्टेरॉन कमी झाल्यावर स्नायू हळूहळू घटतात. इस्ट्रोजेनमुळे नवी चरबी नितंब, मांड्या आणि छातीकडे जास्त साठू लागते. हे बदल ३ ते ६ महिन्यांत सुरू होतात आणि पूर्ण दिसायला २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. चेहराही थोडा भरल्यासारखा वाटतो.

या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, पहिल्या वर्षात ट्रान्सजेंडर स्त्रियांचे वजन सरासरी १.८ किलोने वाढले. चरबी सुमारे ३ किलोने वाढली आणि स्नायूंसह शरीराचा चरबीविरहित भाग सुमारे २.४ किलोने घटला. हे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांची सरासरी असल्याने त्यांची बेरीज-वजाबाकी तंतोतंत जुळत नाही. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते: काट्यावर फरक थोडा दिसला तरी आत चरबी आणि स्नायूंचे प्रमाण बरेच बदललेले असते.

स्नायू बसल्या जागीही ऊर्जा खर्च करतात. ते कमी झाले की शरीराची रोजची गरज थोडी कमी होते. जेवण पूर्वीइतकेच राहिले तर वजन हळूहळू वाढत जाते. यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही. शरीराचा हिशेब बदललेला असतो.

वजन वाढण्याची इतर कारणे

- पाणी साठणे: इस्ट्रोजेनमुळे शरीरात मीठ आणि पाणी थोडे साठू शकते. सुरुवातीला अंग जड वाटते, अंगठी घट्ट होते.
- सायप्रोटेरॉन: या औषधाने काहींना थकवा येतो, मन उदास होते आणि वजन वाढते. हे जाणवल्यास डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येते.
- अनियमित जेवण: दिवसभर उपाशी राहून रात्री उशिरा भरपेट जेवणे, बाहेरचे तळलेले पदार्थ आणि कार्यक्रमातील गोडधोड.
- मनाची अवस्था: घरातून तुटलेले नाते, एकटेपणा आणि झोप न लागणे यांचा भुकेवर थेट परिणाम होतो.
- इतर आजार: थायरॉइड, मधुमेह किंवा काही मानसिक आजारांवरील औषधे.

वृषण काढले आहेत, पण हार्मोन सुरू नाहीत?

वृषण काढल्यानंतर, म्हणजे समाजात ज्याला निर्वाण म्हणतात त्यानंतर, काही जणी कोणतेही हार्मोन घेत नाहीत. अशा वेळी शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन्ही फार कमी राहतात. त्यामुळे स्नायू घटतात, पोटावर चरबी वाढते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. हाडांचे नुकसान बाहेरून दिसत नाही. फ्रॅक्चर झाल्यावरच लक्षात येते. शस्त्रक्रिया कितीही वर्षांपूर्वी झालेली असो, डॉक्टरांना ती माहिती द्या आणि हार्मोन, व्हिटॅमिन डी व हाडांच्या तपासणीबद्दल विचारा.

गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका

माला-डी, माला-एन यांसारख्या गर्भनिरोधक गोळ्या सहज मिळतात. म्हणून काही जणी स्त्रीसुलभ बदलांसाठी त्या रोज दोन-चार घेतात. या गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिऑल असते. उपचारात वापरल्या जाणाऱ्या इस्ट्राडिऑलपेक्षा हे वेगळे औषध आहे. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि जास्त गोळ्या, वाढलेले वजन व धूम्रपान यांची भर पडली की तो आणखी वाढतो. म्हणूनच हार्मोन उपचाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे औषध टाळण्यास सांगितले आहे.

अशा गोळ्या घेत असाल तर लपवू नका. डॉक्टरांना पाकीट दाखवा. ओरडा बसेल या भीतीने माहिती दडवल्यास सुरक्षित पर्याय देता येत नाही.

वजन आणि कंबर कशी मोजावी?

आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा. रोज काट्यावर उभे राहिल्याने पाण्यामुळे होणारे चढ-उतार दिसतात आणि विनाकारण काळजी वाढते.

महिन्यातून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप ठेवून, सहज श्वास सोडल्यावर माप घ्या. पोट आत ओढू नका.

भारतीयांमध्ये कमी वजनातही पोटाच्या आत चरबी साठण्याची प्रवृत्ती असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ किंवा अधिक असेल तर जास्त वजन आणि २५ किंवा अधिक असेल तर लठ्ठपणा मानतात. कंबरेची मर्यादा स्त्रियांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी आहे. ट्रान्सजेंडर स्त्रियांसाठी वेगळा आकडा ठरलेला नाही. त्यामुळे उपचार सुरू करतानाचे स्वतःचे माप लिहून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा. नितंब-मांड्या भरत असतील आणि कंबर स्थिर असेल, तर तो अपेक्षित बदल आहे. कंबर दर महिन्याला वाढत असेल, तर आहाराकडे लक्ष द्यायला हवे.

आहार: आपल्या ताटातले बदल

वेगळ्या महागड्या आहाराची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, ताक, कांदा-काकडी हे आपले जेवण चांगलेच आहे. बदल प्रमाणात करायचा आहे.

*प्रथिने वाढवा.* साधारण वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ग्रॅम प्रथिने हे सोपे लक्ष्य ठेवा. ६० किलो वजन असेल तर सुमारे ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, एका पेल्यात म्हणजे २०० मिली दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा.

*सोयाबीनबद्दल गैरसमज नको.* वाशीम हा सोयाबीन पिकवणारा जिल्हा आहे. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले घटक असतात, म्हणून ते भरपूर खाल्ले की हार्मोनची गरज नाही, असे काहींना वाटते. त्या घटकांचा परिणाम फारच सौम्य असतो. सोयाबीन हार्मोनची जागा घेऊ शकत नाही. पण स्वस्त प्रथिने म्हणून ते उत्तम आहे.

*चहाची साखर मोजा.* एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० कॅलरी. दिवसात सहा कप झाले तर केवळ साखरेतून २४० कॅलरी पोटात जातात. आधी कप कमी करा किंवा साखर अर्धी करा.

*तेल आणि तळण.* आलूबोंडा, कचोरी, तर्रीचे पोहे आठवड्यातून एखाद्या दिवशी ठीक आहेत. भाजीला ओतून तेल घालण्याऐवजी चमच्याने मोजून घाला.

*उपासमार करू नका.* झटपट बारीक होण्यासाठी जेवण सोडल्यास चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पुन्हा वजन वाढताना मुख्यतः चरबी वाढते. आधी वजन घटवून मग वाढवले की चरबी हवी तिथे बसते, या सल्ल्याला शास्त्रीय आधार नाही. वजन कमी करायचेच असेल तर ६ महिन्यांत ५ ते १० टक्के हे सुरक्षित लक्ष्य आहे.

खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे किंवा सतत शरीराचा तिटकारा वाटणे ही आजाराची लक्षणे आहेत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

व्यायामाने शरीर मर्दानी दिसेल का?

ही भीती अनेकींना असते. टेस्टोस्टेरॉन कमी असताना साध्या व्यायामाने मोठे, पिळदार स्नायू तयार होत नाहीत. उलट व्यायाम न केल्यास अशक्तपणा, सांधेदुखी आणि वजन वाढते.

आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम पुरेसे आहेत. उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, पायऱ्या चढणे आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे घरातही जमते. रस्त्यावर टोमणे किंवा त्रास होत असेल तर गच्चीवर, अंगणात किंवा मैत्रिणींसोबत पहाटे चाला. लोकांच्या त्रासामुळे चालणे सुटले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे कारण आहे.

स्पायरोनोलॅक्टोन घेत असाल तर

हे औषध लघवी वाढवते आणि रक्तातील पोटॅशियमही वाढवू शकते. बाहेर स्वच्छतागृहात जाताना अपमान होतो म्हणून अनेक जणी पाणीच कमी पितात. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे धोक्याचे आहे. चक्कर येऊ शकते, मूत्रपिंडावर ताण पडतो. दिवसभर थोडे-थोडे पाणी प्या. रक्तदाबासाठी बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ वापरू नका, त्यात पोटॅशियम असते. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर गोळीबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

खर्रा, तंबाखू आणि दारू

खर्रा खाल्ल्याने भूक मरते म्हणून वजन आटोक्यात राहते, असे काहींना वाटते. पण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, शस्त्रक्रियेची जखम उशिरा भरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. इस्ट्रोजेनसोबत बिडी-सिगारेट ओढल्यास गुठळीचा धोका वाढतो. दारूत कॅलरी भरपूर असतात आणि यकृतावरही ताण येतो.

तपासण्या कोणत्या आणि कुठे?

उपचाराआधी, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोनदा तपासणी करावी. वजन, कंबर आणि रक्तदाब यांसोबत साखर, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड, यकृत, क्रिएटिनिन, पोटॅशियम, इस्ट्राडिऑल आणि टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासतात.

उपचार सुरू करणे आणि डोस ठरवणे हे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ, किंवा या उपचाराचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचे काम आहे. त्यासाठी वाशीमहून अकोला, अमरावती, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागू शकते. पण दरमहा वजन, रक्तदाब आणि साखर पाहण्यासाठी कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर किंवा मानोऱ्याहून इतके दूर जाण्याची गरज नाही. हे जवळच्या सरकारी दवाखान्यात होते. एका वहीत तारीख, वजन, कंबर, रक्तदाब आणि औषधांची नावे लिहा आणि तज्ज्ञांकडे जाताना ती वही सोबत न्या. लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी पाय मोकळे करा.

वजन कमी करण्याची इंजेक्शने किंवा गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ नुसार हार्मोन उपचार आणि त्याआधीचे व नंतरचे समुपदेशन यांची वैद्यकीय सोय करणे ही शासनाची जबाबदारी आहे. दवाखान्यात सन्मानाने वागणूक मिळणे हा तुमचा हक्क आहे.

तातडीने दवाखान्यात कधी जावे?

खालीलपैकी काहीही झाल्यास थांबू नका. गरज पडल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

- एका पायाची पोटरी सुजणे, दुखणे, लाल किंवा गरम होणे
- अचानक छातीत दुखणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त येणे
- तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हाता-पायातील शक्ती जाणे
- अचानक तीव्र डोकेदुखी किंवा नजर धूसर होणे
- स्नायूंत खूप अशक्तपणा, छातीत अनियमित धडधड

दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढून दोन्ही पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोळे पिवळे झाल्यासही उशीर करू नका. मन फार खचले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

घरच्यांसाठी

आई-वडील, भावंडे, गुरू किंवा सोबत राहणाऱ्या मैत्रिणी, ज्या कोणी घरच्या असतील, त्यांची मदत औषधाइतकीच उपयोगी पडते. "किती जाड झालीस" किंवा "आता तरी गोळ्या सोड" असे बोलू नका. एकीसाठी वेगळे पथ्याचे न शिजवता सगळ्यांच्याच भाजीत तेल कमी घाला, सोबत फिरायला जा, तपासणीच्या दिवशी बरोबर चला. दवाखान्यात तिला तिच्या पसंतीच्या नावाने हाक मारा. आपले माणूस सोबत असेल तर तपासणी चुकत नाही, आणि वजन असो वा गुठळीचे लक्षण, अडचण वेळेत लक्षात येते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा डोस बदलणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*