एका खोलीला एकच रंग: 'नाइट लोअर'ची चित्रशैली

१/ १९८४च्या अखेरीस इंग्लंडमध्ये 'नाइट लोअर' हा संगणकीय खेळ विक्रीस आला. काळ्या पडद्यावर एक दगडी खोली; भिंती, ठोकळे, काटे आणि नायक सारे एकाच रंगात. पुढच्या खोलीत रंग बदले, पण तिथेही तो एकच. हा रंगसंन्यास कुठून आला, याविषयी आजचा धागा.

२/ हा खेळ झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२च्या घरगुती संगणकासाठी होता. संगणक टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून भरायचा. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची 'प्लस' आवृत्ती त्याच दशकात विकली.

३/ त्याच्या पडद्यावर २५६ × १९२, म्हणजे ४९,१५२ ठिपके होते. पंधरा रंगांपैकी हवा तो रंग प्रत्येक ठिपक्याला द्यायचा, तर एका चित्रालाच २४ केबी लागले असते. स्वस्त आवृत्तीची एकूण रॅमच १६ केबी! म्हणून रंग ठिपक्यांपासून तोडले गेले. पडद्याचे ८ × ८ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दोनच रंग दिले, एक शाईचा, एक कागदाचा. सारे चित्र पावणेसात केबीत बसले.

४/ याची किंमत मोठी होती. जालन्याशेजारच्या पैठणची पैठणी आठवावी. पदरावरील मोराच्या प्रत्येक रंगाला स्वतंत्र धागा असतो, त्यामुळे रंग आकृतीची कड सोडत नाही. स्पेक्ट्रमवर नेमके उलटे घडे. रंग चौकोनाचा, आकृतीचा नव्हे. हिरव्या झाडापुढून पांढरा नायक गेला की झाडाचा तुकडा पांढरा होई किंवा नायक हिरवा.

५/ 'नाइट लोअर' घडवणाऱ्या अल्टिमेट प्ले द गेम या संस्थेचे ठाणे लेस्टरशायरमधील ॲशबी-द-ला-झूश या लहानशा गावात होते. टिम स्टॅम्पर प्रामुख्याने चित्रे पाहत, त्यांचे बंधू ख्रिस आज्ञावली लिहीत.

६/ 'मर्यादेतून शैली जन्मते' असे अशा वेळी सहज म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. मर्यादा तर प्रत्येक स्पेक्ट्रम-चित्रकाराला तीच होती, आणि अनेकांनी रंगांची ती सरमिसळ निमूटपणे स्वीकारली. अल्टिमेटने रंगच सोडला आणि त्याच्या बदल्यात खोली, म्हणजे त्रिमितीचा आभास, मिळवला. ही निवड होती.

७/ तिरप्या कोनातून दिसणारे जग नवे नव्हते. स्पेक्ट्रमवरच १९८३चा 'अँट अटॅक' होता. 'नाइट लोअर'चे बळ मुखवट्याच्या तंत्रात होते. प्रत्येक आकृतीसोबत तिच्या आकाराचा एक साचा साठवलेला असे. आधी साच्याने मागचे चित्र नेमके तेवढेच पुसायचे, मग आकृती बसवायची. त्यामुळे नायक ठोकळ्यामागे खरोखर 'जाई'. वस्तू वाढल्या की खेळ मंदावे, तेही याच कष्टांमुळे.

८/ रेषांचे गणितही साधे होते: दोन ठिपके आडवे, एक उभा. समांतर रेषा दूर जाऊनही एकत्र येत नाहीत. आपल्याकडच्या लघुचित्रांतील गच्च्या आणि चौथरे पुष्कळदा असेच रेखाटलेले दिसतात. इथे प्रभावाचा दावा नाही. पण मागची वस्तू लहान होत नसल्याने एकच ठोकळा खोलीत कुठेही वापरता येई, आणि स्मृती वाचे.

९/ या शैलीचा इतिहास सहसा असा सांगितला जातो: आधी 'सेबर वुल्फ'चे रंगीबेरंगी जंगल, मग 'नाइट लोअर'ची एकरंगी प्रगल्भता. दोन्ही खेळ १९८४चे. प्रकाशनाचा क्रमही हाच. मात्र ही मंडळी मुलाखतींपासून कटाक्षाने दूर राहत. पुढे ती बोलली तेव्हा त्यांनी सांगितले की 'नाइट लोअर' आधीच तयार होता. तो बाजारात आला तर 'सेबर वुल्फ' कोणी घेणार नाही, म्हणून मुद्दाम मागे ठेवला. हे कथन ग्राह्य धरले, तर एकरंगी खोली आधीची ठरते, आणि ते रंगीत जंगल लोकांपुढे ठेवताना ती खोली स्टॅम्पर बंधूंच्या कपाटात तयार होती.