अर्जातील वयाचा रकाना

नोकरीसाठी आपली माहिती कागदावर मांडून ती अनोळखी माणसापुढे ठेवावयाची, ही रीत आपल्याकडे फार जुनी नाही. पेशवाईच्या दफ्तरात उमेदवाराचे मोडी अक्षर, हिशेबातील तयारी आणि त्याच्याविषयी शब्द टाकणारा गृहस्थ, एवढ्यावर बहुधा काम भागे. त्याच्या जन्माची तिथी पत्रिकेत असे. ती विचारण्याचे धन्याला कारण नव्हते. चेहरा पाहून वयाचा अंदाज करता येत होता आणि तेवढा अंदाज पुरेसाही होता.

हे चित्र स्पर्धा परीक्षेने पालटले. 1853 च्या सनदेच्या कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकांचा हक्क संपला. 1854 साली मेकॉले यांच्या समितीने परीक्षेची योजना आखली आणि 1855 साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. ओळखीची जागा गुणांनी घेतली, हा लाभ निःसंशय मोठा होता. तथापि ओळख गेली तेथे पुरावा आला. परीक्षकाला उमेदवार ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतो तो कागद. त्या कागदावर वयाचा रकाना होता.

या रकान्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे 1869 साली दिसून आले. त्या वर्षी चार हिंदी तरुण इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगालचे. चौथे मुंबईकडील श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून काढण्यात आली. तेव्हा वयाची कमाल मर्यादा 21 वर्षांची होती. सुरेंद्रनाथांचा जन्म 10 नोव्हेंबर 1848 चा. म्हणजे ते मर्यादेच्या आतच होते. परंतु 1863 साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी त्यांनी आपले वय 16 असे सांगितले होते. त्या सांगण्यावरून हिशेब केला की ते 21 च्या पुढे जात.

वस्तुतः यात असत्य काहीच नव्हते. सोळावे लागले की मुलगा सोळा वर्षांचा, हीच आपल्याकडील मोजणी. बंगालात ती होती, तशीच महाराष्ट्रातही होती. इंग्रज मात्र पुरी झालेली वर्षे मोजतो. दोन मोजण्यांतील एका वर्षाच्या अंतरात दोन तरुणांचे आयुष्य अडकले. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. हिंदू लोकांत वय कसे सांगतात, याविषयी स्वदेशातून प्रतिज्ञापत्रे गेली, आणि अखेर दोघांनाही परत घेण्यात आले. पुढे 1874 साली सुरेंद्रनाथांना वेगळ्या कारणावरून सेवेतून दूर करण्यात आले, आणि याच परीक्षेची वयोमर्यादा 19 वर आणली जात असता 1877 साली त्यांनी देशभर फिरून तिच्याविरुद्ध लोकमत जागे केले. वयाच्या रकान्याचा जाच स्वतः सोसलेला पुरुष त्या लढ्याचा नायक व्हावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

यानंतर शासनाने तोंडी वय सोडून लेखी तारीख धरली; शाळेचा दाखला हाच आधार झाला. पण दाखला तरी लिहिला कोणी? आपल्या खेड्यांत आईला मुलाचा जन्म आठवे तो पुराच्या वर्षी किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी असा. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीची 1 जून लिहून टाकली. त्या एका दिवशी जन्मलेली मंडळी महाराष्ट्रात किती असतील, याची कल्पना वाचकांनी आपल्या कचेरीतील मराठी सहकाऱ्यांवरूनच करावी. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असलेला केंद्रीय कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ही सारी मंडळी साठीला 31 मे रोजीच निरोप घेतात. गुरुजींची लेखणी अशी पन्नासाहून अधिक वर्षांनीही आपला हुकूम बजावते.

ही नोंद सुधारण्याची मुदतही मोजकी आहे. 1979 च्या दुरुस्तीनुसार सेवेत शिरल्यापासून पाच वर्षांच्या आत मागणी करावी लागते. 1993 साली हरनाम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उशिरा जागे होणाऱ्यांचा मार्ग बंद केला. लोकसेवा आयोगाने 2022 साली एकवेळच्या नोंदणीची पद्धत सुरू केली; कागदाऐवजी पडदा आला, पण प्रमाण मानली जाते ती दहावीच्या प्रमाणपत्रावरील तारीखच.

याच दिल्लीच्या वेशीवर, नोएडा आणि गुरुग्राम येथे, दुसरे जग वसले आहे. 1997 साली नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. त्याचे ठाणे नोएडातच आहे. तेथे आपली मुले जो रेझ्युमे पाठवितात, त्यात वडिलांचे नाव, धर्म, जन्मतारीख यांतले काही नसावे, असा सल्ला त्यांना मिळतो. ही चाल बव्हंशी अमेरिकेची. तेथे 1967 च्या कायद्याने चाळिशी गाठलेल्यांना केवळ वयावरून नाकारण्यास मनाई केली. मात्र पदवीचे वर्ष तर लिहावेच लागते, आणि नेमणाऱ्याला वजाबाकी येते. रकाना गेला, हिशेब राहिला.

बापाचा बायोडेटा आणि मुलाचा रेझ्युमे यांत आज एवढे अंतर पडले आहे. मुलाने शिक्षण, कौशल्य, अनुभव दर वर्षी नव्याने लिहावे, ते योग्यच. परंतु दाखला, आधार, पारपत्र या सर्वांवर जन्मतारीख एकच आहे ना, हे त्याच्या पहिल्या अर्जापूर्वी घरातील वडील मंडळींनी पाहून घ्यावे. ठाकूर आणि सुरेंद्रनाथ यांच्यासाठी प्रतिज्ञापत्रे लिहिणारे मान्यवर होते. आपल्या गावाकडून परीक्षेसाठी येथे येणाऱ्या, 1 जूनला जन्मलेल्या मुलापाशी तेवढे पाठबळ बहुधा नसते. त्याचा अर्ज भरताना आपल्यापैकी कोणी अर्धा तास शेजारी बसला, तर दिल्लीतील आपल्या नोकरीचा तोही एक उपयोग ठरेल.