दफ्तरातले गुपित आणि गोखल्यांचा आक्षेप

१८८९ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या ‘अमृत बाजार पत्रिके’ने हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्यातील एक गोपनीय टिपण प्रसिद्ध केले. खात्याचे सचिव मॉर्टिमर ड्यूरँड यांचे ते टिपण गिलगिटविषयी होते. त्याच वर्षी काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांच्या हातून राज्यकारभार काढून घेण्यात आला होता. राज्यातील अव्यवस्था आणि रशियाशी पत्रव्यवहार केल्याचा संशय अशी कारणे त्यासाठी पुढे करण्यात आली होती. टिपण वाचणारास मात्र प्रजेच्या कल्याणापेक्षा सरहद्दीवरील त्या मोक्याच्या ठाण्याची चिंताच अधिक दिसू लागली.

व्हॉइसरॉय लॅन्सडाउन यांनी कौन्सिलात या प्रकाशनाचा कडक निषेध केला. छापलेल्या मजकुराचा काही भाग बनावट आहे, असे त्यांनी सांगितले. उरलेला भाग दफ्तरातूनच बाहेर पडला होता, याची कबुली त्या बोलण्यात आपोआप येऊन गेली. त्याच महिन्यात सरकारी गुपितांचा कायदा मंजूर झाला.

कायद्याचा साचा विलायती होता. १८७८ मध्ये लंडनच्या परराष्ट्र खात्यातील चार्ल्स मार्विन या कारकुनाने रशियाशी झालेल्या गुप्त कराराचा मजकूर ‘ग्लोब’ पत्राला पुरविला. त्याच्यावर कागद चोरल्याचा आरोप ठेवला गेला. परंतु त्याने कागद नेलाच नव्हता, आणि नुसती माहिती नेणे ही चोरी ठरेना. तो सुटला. माहितीलाच कुलूप घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १८८९ साली झाला आणि त्यापाठोपाठ हिंदुस्थानात आला.

किल्ले, गोद्या, सैन्याच्या हालचाली यांची गुप्तता राखणे कोणत्याही राज्यास आवश्यकच असते. तंटा निर्माण झाला तो कर्झन यांच्या कारकिर्दीत. १९०३ च्या अखेरीस आलेल्या दुरुस्ती विधेयकाने लष्करी बाबींच्या पंक्तीला मुलकी बाबीही बसविल्या. हे गुन्हे बिनजामिनी ठरवून, परवानगी असल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदे कौन्सिलात त्यास विरोध केला. इंग्लंडात मंत्र्यांना पार्लमेंटचा आणि लोकमताचा धाक असतो; येथील नोकरशाहीवर वृत्तपत्रांच्या टीकेखेरीज बाहेरचा अंकुश नाही, आणि तोच अंकुश काढून घेतला जात आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. अँग्लो-इंडियन पत्रांनीही या वेळी विरोधाचा सूर लावला. निवड समितीत विधेयकाची धार काहीशी बोथट झाली. तरी १९०४ मध्ये ते मंजूर झालेच.

१९२३ च्या कायद्याने जुने कायदे एकत्र केले. त्याच्या पाचव्या कलमाने गुपित सांगणाऱ्याबरोबर ते जाणूनबुजून घेणाऱ्यालाही गुन्हेगार ठरविले. ‘गुपित’ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र केली नाही. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा टिकला. पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने, लोकहित अधिक मोठे असल्यास गुप्ततेची आडकाठी बाजूला सारता येईल, असे मान्य केले. १९२३ चा कायदा रद्द झाला नाही; पण त्याच्या शेजारी नागरिकाचा हक्क उभा राहिला.

‘पत्रिके’ने फोडलेल्या टिपणाने शत्रूच्या हाती किती लागले, यापेक्षा प्रजेला काय कळले, हे अधिक महत्त्वाचे होते. राज्याच्या रक्षणासाठीचे कुलूप राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी केव्हा वापरले जाते, हे ओळखण्याचा गोखल्यांचा प्रश्न म्हणूनच त्यांच्या काळापुरता उरला नाही.