खणात दडलेला इतिहास

'कमोड' म्हटले की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते, आणि ती काही दिवाणखान्यात मांडायची नव्हे! म्हणूनच इकडे जुन्या फर्निचरच्या लिलावाच्या यादीत 'अठराव्या शतकातील फ्रेंच कमोड' असे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आवरेना. फोटो पाहिला तर ते होते खणांचे एक देखणे, बुटके कपाट. खण म्हणजे ओटीतला नव्हे हं, टेबलाचा खण, ज्याला आता आपणही सर्रास ड्रॉवर म्हणतो.

फ्रेंच भाषेत 'कमोड' म्हणजे सोयीचे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या ट्रियानाँ महालासाठी आंद्रे शार्ल बूल या कारागिराने १७०८-०९ साली असे दोन कमोड बनवून दिले. हे नाव का पडले ते आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्या आज्यांकडे लाकडी पेटारा असे. तळाचे लुगडे हवे असेल तर वरचे सगळे उपसायचे! त्याच पेटाऱ्याला पुढून ओढायचे खण बसवले की झाला कमोड. पुढे रात्रीचे भांडे लपवायच्या कपाटालाही इंग्रजीत हेच सभ्य नाव मिळाले आणि तिथून ते थेट आपल्या बाथरूममध्ये पोचले.

गेली पंचवीस वर्षे मी बोस्टनजवळ राहतो. इथल्या दुकानांतून हिंडताना आणखी एका शब्दाने माझी गंमत केली. पाटीवर लिहिलेले असते 'बॉम्बे चेस्ट'. आपले कान लगेच टवकारतात. पण या बॉम्बेचा मुंबईशी काही संबंध नाही. फ्रेंच 'बॉम्बे' म्हणजे फुगीर. खालच्या बाजूने पोट पुढे आलेले, एखाद्या खाऊनपिऊन सुखी गृहस्थासारखे दिसणारे हे कपाट. अमेरिकेत वसाहतीच्या काळात हा घाट जवळजवळ फक्त बोस्टन आणि सेलम परिसरातच बनत असे. बेंजामिन फ्रॉदिंगहॅम या सुताराने १७५३ साली आपल्या नावासह तारीख घालून बनवलेले मेज-कपाट आजही वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याच्या स्वागत दालनांत आहे. या गोंधळात भर घालायला मॉलमधली 'बॉम्बे कंपनी' होतीच. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या या कंपनीच्या दुकानांत जुन्या इंग्रजी घाटाच्या नकला मिळत. २००७ मध्ये तिने दिवाळे जाहीर केले आणि पुढे तिची अमेरिकेतली दुकाने बंद झाली. आपल्यापैकी कित्येकांचे इथले पहिले 'चांगले' फर्निचर तिथलेच असेल.

पण इतिहास मोठा खट्याळ असतो. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये जॉन कॉग्जवेल या सुताराने १७८२ साली बनवलेले खणांचे एक उंच, फुगीर पोटाचे कपाट आहे. त्याने त्यावर आपले नाव, रस्ता, गाव आणि साल लिहून ठेवले आहे. ते बनले सेलमचा व्यापारी एलायस हॅस्केट डर्बी याच्यासाठी. याच डर्बीचे 'अटलांटिक' हे जहाज १७८८ साली अमेरिकेचा झेंडा घेऊन सुरत आणि मुंबईस पोचले, आणि पुढच्याच वर्षी 'पेगी' नावाचे जहाज मुंबईचा कापूस घेऊन सेलमला आले. म्हणजे फ्रेंच बॉम्बे आणि आपली बॉम्बे, दोन्हींची गाठ एकाच घराण्यात पडली! सेलमच्या दर्यावर्दी कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापन केली. पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचा त्यांचा संग्रह आज पीबडी एसेक्स म्युझियममध्ये पाहायला मिळतो. हिंदुस्थानात बनलेले पाश्चात्त्य घाटाचे फर्निचरही तिथे आहे. अमीन जाफर यांनी या आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या अशा संग्रहाची सूची २००१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सेलमला चेटकिणींची गोष्ट ऐकायला आपण पाहुण्यांना नेतोच, तेव्हा एक तास इकडेही द्यावा.

मुंबईतही एकोणिसाव्या शतकात शिसवी फर्निचरचा मोठा धंदा होता. काळेभोर जड शिसव, त्यावर वेलबुट्टी आणि पशुपक्ष्यांचे दाट कोरीवकाम. घाट साहेबाचा आणि हात आपला! पारशी घरांतून, संस्थानिकांच्या वाड्यांतून अशी कपाटे, खुर्च्या, दिवाण असत. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुने फर्निचर धुंडाळले असेल त्यांना हे काम ओळखीचे असेल. त्याहूनही जुनी परंपरा गोव्याची. सतराव्या शतकात तिथे पोर्तुगिजांसाठी 'कोंतादोर' बनत. साग आणि अबनूस वापरून, हस्तिदंताची नक्षी जडवून केलेली असंख्य छोट्या खणांची ही कपाटे, आणि कित्येकांचे पाय म्हणजे कोरलेल्या नागकन्या.

आता खरी खंत इथे आहे. कॉग्जवेलचे नाव सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही शाळेतली मुले वाचतात. मुंबईत शिसव कोरणाऱ्या आणि गोव्यात हस्तिदंत जडवणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. कसब कमी नव्हते. कमी होती ती खणाच्या तळाशी लिहिलेली एक ओळ.

असो. ज्यांना घरात एखादे जुने खणांचे कपाट आणायचे आहे त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. सध्या काळ चांगला आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून जुन्या तपकिरी लाकडी फर्निचरच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत, आणि शंभर वर्षांचे भक्कम कपाट अनेकदा नव्या भुशाच्या फळीच्या कपाटाहून स्वस्त पडते. दुकानात गेल्यावर वरची चकाकी पाहू नका. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपऱ्यातला सांधा पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांचा असतो. दात कमीजास्त रुंदीचे असले तर ते हाताने कापलेले, अगदी एकसारखे असले तर बहुधा यंत्राचे. दातांऐवजी अर्धचंद्र आणि मध्ये ठिपका दिसला तर तो विस्कॉन्सिनच्या चार्ल्स नॅपचा सांधा. त्याचे पेटंट १८६७ चे, आणि १९०० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. फळीच्या मागे करवतीच्या गोल कमानी दिसल्या तर ती साधारण १८३० नंतरची. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतर बसवलेला, मग दुकानदार काहीही सांगो! आतल्या बाजूला पाइन किंवा पॉपलर असेल तर कपाट बहुधा अमेरिकन, ओक असेल तर इंग्रजी असण्याचा संभव जास्त. आणि आतबाहेर साग किंवा शिसव लागले, तर जरा थांबा. ते आपल्या बाजूचे असू शकेल.

घरी आणल्यावर ते भिंतीला पक्के बांधा. मुले खण उघडून त्यावर चढतात आणि कपाट अंगावर येते. नव्या कपाटांसाठी २०२३ पासून इथे सुरक्षिततेचे कडक नियम आहेत, पण जुन्याला आपणच जपायचे. हिवाळ्यात हीटरच्या झरोक्यासमोर ते ठेवू नका, लाकूड आक्रसून तडकते.

गावच्या वाड्यातला पेटारा इकडे आणावा असे पुष्कळांच्या मनात असते. भावना समजते, पण शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. वस्तू त्यात मोडते की नाही हे पुरातत्त्व खात्याकडून ठरवून घ्यावे लागते. शिवाय २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. तेव्हा आधी चौकशी, मग पॅकिंग.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपली पिढी आता मोठी घरे विकून लहान घरांत जाऊ लागली आहे. इथली रीत आपण पाहतोच. माणूस गेले की शनिवारी सकाळी अंगणात मांडामांड होते, आणि ज्या पेटीत आईचे शालू होते ती पेटी वीस डॉलरला जाते. दोष मुलांचा नाही. त्यांना ती फक्त पेटीच दिसते, कारण आपण काही लिहूनच ठेवलेले नसते. तर मंडळी, या दिवाळीच्या साफसफाईत एक काम करा. घरातली प्रत्येक जुनी वस्तू, मग ती सावंतवाडीची असो की सेलमची, कुठून आली, कुणी बनवली, कुणाच्या लग्नात मिळाली, हे एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीतही लिहा आणि तो कागद आतून खणाच्या तळाशी चिकटवा. कॉग्जवेलने १७८२ साली एवढेच तर केले होते!