व्हिएन्नाचे दोन सूतिकागृह-विभाग

भगिनींनो, स्मरणिकेसाठी लिहायचे म्हटले की पाककृती नाहीतर सहलीचे वर्णन आपसूक सुचते. यंदा मात्र एक जुनी हकीकत सांगते.

माझ्या आजीची थोरली जाऊ बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत तापाने गेली. घरात "बाळंतिणीला वारा लागला" एवढेच सांगत. वारा बंद खोलीत शिरला कुठून, हे कोणी विचारले नाही. पुढे सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टराची माहिती वाचली, तेव्हा ही गोष्ट आठवली.

१८४६ साली हे गृहस्थ व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात प्रसूतिविभागात नेमले गेले. तेथे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शेकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात शेकडा तीनसुद्धा नाहीत. गोरगरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते! पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून रडत. विद्वान मंडळी मात्र दूषित हवेकडे बोट दाखवीत. पण हवा तर दोन्हीकडे एकच होती. सेमेलवाइसने बायकांना कुशीवर निजवून पाहिले, घंटा वाजवीत जाणाऱ्या पाद्र्याची वाट बदलली. फरक पडेना.

मार्च १८४७ मध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने त्याचे बोट कापले होते. त्याच्या देहात आढळलेल्या खुणा बाळंतिणींच्या देहांतल्यासारख्याच होत्या. म्हणजे प्रेतांच्या खोलीतून सरळ प्रसूतिगृहात येणारे डॉक्टरांचेच हात हा रोग आणीत होते, आणि त्यात सेमेलवाइसचे स्वतःचे हातही आले. सुइणी शवविच्छेदन करीत नव्हत्या. मे महिन्यात त्याने प्रत्येकाला क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात (आपल्या ब्लीचिंग पावडरचेच भावंड ते) हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शेकडा अठरा मृत्यू होते. १८४८ या सबंध वर्षात ते शेकडा सव्वाच्या आसपास आले.

तरी पुष्कळ वरिष्ठांनी मानले नाही. आपल्याच हातांनी माणसे मेली हे कबूल करणे सोपे नसते. थोडा दोष त्याचाही, असे मला वाटते. पुस्तक लिहायला त्याने १८६१ साल उजाडू दिले आणि विरोधकांना खुनी म्हणणारी पत्रे धाडली. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. तेथे दोन आठवड्यांतच, जखम चिघळून, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. या तापाचे जंतू पाश्चरने दाखवले ते १८७९ साली.

रडून विनवणाऱ्या त्या बायकांपैकी एकीचेही नाव मला वाचनात सापडले नाही. आजीच्या जावेचे नावही आमच्या घरात आता कोणी घेत नाही. थोरल्या आत्याबाईंना आठवत असेल. येत्या दिवाळीला विचारणार आहे.