उद्देश्य आणि विधेय : पद्मपूरपासून तुमसरपर्यंत

वाक्यात ज्याच्याविषयी बोलले जाते ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगितले जाते ते विधेय. ‘तुमसर ही तांदळाची बाजारपेठ आहे’ या वाक्यात ‘तुमसर’ हे उद्देश्य, तर ‘तांदळाची बाजारपेठ आहे’ हे विधेय. शाळेत ही व्याख्या एका ओळीत संपते. तिच्यामागे मात्र व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तीन शास्त्रांचा दीर्घ विचार आहे. ‘विधेय’ हा शब्द ‘वि + धा’ या धातूपासून आला आहे. ‘विधी’ आणि ‘विधान’ हे शब्दही त्याच घरातले. जे नव्याने घालून द्यायचे, ते विधेय.

या तिन्ही शास्त्रांना एकत्र बांधणारे नाव जुन्या भंडारा जिल्ह्याशी जोडलेले आहे. आठव्या शतकातील नाटककार भवभूती याने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत स्वतःला ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’ म्हटले आहे. पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा आणि प्रमाण म्हणजे न्याय. त्याच्या पूर्वजांचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. 1999 मध्ये तो जिल्हा वेगळा होईपर्यंत आमगाव आणि तुमसर एकाच भंडारा जिल्ह्यात होते.

पाणिनीच्या व्याकरणात वाक्याचे उद्देश्य-विधेय असे दोन तुकडे पाडलेले नाहीत. तेथे केंद्रस्थानी क्रिया असते आणि कर्ता, कर्म, करण ही कारके तिच्याभोवती उभी राहतात. पुढे वाक्याच्या अर्थात मुख्य काय, यावर तिन्ही शास्त्रांत मोठा वाद झाला. ‘शेतकरी धान कापतो’ हे वाक्य घेतले, तर वैयाकरणांच्या मते त्याचा मुख्य अर्थ कापण्याची क्रिया हा आहे आणि शेतकरी हा तिचा कर्ता. नैयायिकांच्या मते मुख्य आहे तो शेतकरी. कापण्याची कृती हे त्याचे विशेषण. मीमांसकांनी फळाकडे नेणाऱ्या प्रयत्नाला, म्हणजे ‘भावने’ला, पहिला मान दिला. एकाच वाक्याकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी आहेत.

‘विधेय’ या शब्दाला धार आली ती मीमांसेत. वेदवाक्यांतून नेमकी कोणती आज्ञा मिळते, हे ठरवणे मीमांसकांचे काम होते. होम करावा, असे एका वाक्याने आधीच सांगितलेले आहे. नंतरचे वाक्य म्हणते की, दह्याने होम करावा. या दुसऱ्या वाक्यात होम नवा नाही. नवे आहे ते दही. म्हणून क्रियापद ‘करावा’ असले, तरी विधेय दही. आधी ठाऊक असलेले ते उद्देश्य आणि या वाक्याने प्रथमच कळलेले ते विधेय, असा हा निकष आहे. मराठी बोलणारा माणूस तो रोज पाळतो. ‘त्याने धान तुमसरला विकले’ हे साधे निवेदन झाले. ‘त्याने धान विकले ते तुमसरला’ असे म्हटले की, विक्री जुनी ठरते आणि ‘तुमसरला’ हे विधेय होते.

साहित्यशास्त्रानेही हा निकष उचलला. विधेय समासात किंवा विशेषणात दडपून टाकणे हा काव्यदोष ठरला. महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात ‘विधेयाविमर्श’ या नावाने त्याची चर्चा केली आणि मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तही तो आला. बांधी, म्हणजे धानाचे शेत, बुडाली ही बातमी द्यायची असताना ‘बुडालेल्या बांधीचा मालक आला’ असे लिहिले, तर बुडणे विशेषणात जाते आणि येणे तेवढे वर राहते.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने याच जोडीवर तर्कशास्त्र उभारले. प्रत्येक विधानात एक उद्देश्यपद, एक विधेयपद आणि त्यांना जोडणारे संयोजक असते, ही मांडणी युरोपात दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली. भारतीय तर्कातही तिच्याशी जुळणारी जोडी दिसते : न्यायशास्त्रातील ‘पर्वतावर अग्नी आहे’ या प्रसिद्ध अनुमानात पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. पक्षाविषयी जे सिद्ध करायचे ते साध्य, म्हणून ते विधेयाच्या जागी येते.

मराठीची छापील व्याकरणे एकोणिसाव्या शतकात तयार होऊ लागली. विल्यम कॅरीचे व्याकरण 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापले गेले, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये आले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. इंग्रजी शिक्षणाबरोबर वाक्यपृथक्करणाची पद्धत शाळांत आली आणि तिच्या दोन मुख्य कप्प्यांना उद्देश्य व विधेय हे संस्कृत शब्द मिळाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुमसर मध्य प्रांतात होते. त्याच प्रांतातील सागरचे कामताप्रसाद गुरू यांच्या 1920 च्या ‘हिंदी व्याकरणा’तही हीच जोडी आहे. त्यामुळे तुमसरचा मराठी विद्यार्थी आणि शेजारच्या बालाघाटचा हिंदी विद्यार्थी वाक्याचे तुकडे एकाच शब्दांनी पाडायला शिकले.

हे कप्पे मराठीला सगळीकडे नीट बसत नाहीत. ‘शेतकऱ्याने बांधी विकली’ आणि ‘शेतकऱ्याने बांध्या विकल्या’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘मला भूक लागली’ या वाक्यात व्याकरणाने कर्ता ‘भूक’ आहे. सांगितलेली हकीगत मात्र ‘माझी’ आहे. कर्ता आणि उद्देश्य या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीच्या प्रयोगविचारात पदोपदी दिसते.

तर्कशास्त्रातही जुनी चौकट अपुरी पडली. 1879 मध्ये जर्मन गणिती गोटलोब फ्रेगे याने विधेयाला रिकाम्या जागा असलेल्या सूत्राचे रूप दिले. ‘— मोठे आहे’ या विधेयात एक जागा आहे, ‘— हे — च्या उत्तरेला आहे’ यात दोन. तुमसर भंडाऱ्याच्या उत्तरेला आणि भंडारा पवनीच्या उत्तरेला, म्हणून तुमसर पवनीच्या उत्तरेला, हे साधे अनुमान जुन्या चौकटीत मांडणे अवघड होते. नव्या विधेय तर्कशास्त्रात ते सरळ बसते. ‘प्रत्येक गाव एका तलावाचे पाणी पिते’ या वाक्याचे दोन अर्थही तेथे वेगळे करता येतात. गावागणिक तलाव वेगळा, की सगळ्यांचा मिळून एकच, हे ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ या संख्यापकांच्या क्रमावरून ठरते.

विधेयाचे असे तीन अर्थ आज वापरात आहेत : व्याकरणात उद्देश्याखेरीज उरलेला वाक्याचा भाग, तर्कशास्त्रात गुण किंवा संबंध सांगणारे पद आणि मीमांसेत वाक्याने नव्याने कळवलेली गोष्ट. पहिला अर्थ शाळेत शिकवला जातो, दुसरा महाविद्यालयात. तिसरा पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गळाला आहे, आणि मराठी वाक्याची रचना सर्वांत चांगली उलगडते ती त्यानेच. वाक्यपृथक्करणाच्या धड्यात ‘या वाक्याने नवे काय सांगितले?’ हा मीमांसकांचा प्रश्न पुन्हा पहिला यायला हवा.